दोन फेंगडे पाय, एक दुखरा गुडघा: लातूर जिल्ह्यातील एक प्रकरण अभ्यास

औसा तालुक्यातील एका खेड्यात शेती करणाऱ्या ५२ वर्षांच्या बाईंचे हे प्रकरण आहे. व्यायामोपचारासाठी त्या लातूरला माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत तीन वेगवेगळ्या दवाखान्यांत काढलेले एक्स-रे, सैल पडलेला गुडघ्याचा पट्टा आणि ग्लुकोसामाइनच्या पावडरीचा अर्धा डबा होता. ओळख पटू नये म्हणून गाव आणि घरचे काही तपशील मी येथे बदलले आहेत. तक्रार एकाच, म्हणजे डाव्या गुडघ्याची होती. मात्र घोटे जुळवून उभ्या राहिल्या तरी त्यांच्या दोन्ही गुडघ्यांमध्ये चार बोटे सहज जातील इतके अंतर राहत होते. पाय दोन्हीकडे फेंगडे होते आणि वरवर पाहता सारखेच फेंगडे होते. पहिल्याच दिवशी त्यांनी जो प्रश्न विचारला, त्याचे नीट उत्तर मिळायला मला पुढचे तीन महिने लागले: “दोन्ही पाय पयल्यापासून असेच हायेत, सर. माझ्या मायचेबी असेच होते. मग दुखायलाय एकलाच कामून?”

त्या वेळी मी दिलेले उत्तर आठवले की आजही ओशाळल्यासारखे होते. वय, वजन आणि उकिडवे बसून करायची शेतातली कामे यांनी गुडघ्याची गादी झिजते, तुमची डावीकडची थोडी जास्त झिजली असेल, असे मी सांगितले. यातले एकही विधान चुकीचे नव्हते, पण विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तरही नव्हते, कारण वय, वजन आणि काम ही तिन्ही दोन्ही गुडघ्यांच्या वाट्याला सारखीच आली होती.

आजाराचा इतिहास थोडक्यात असा होता. डावा गुडघा चौदा महिन्यांपासून दुखत होता. त्याआधी दिवसभर कामावर राहिल्यास दोन्ही गुडघे जड व्हायचे, पण रात्रीत बरे वाटायचे. वजन ६८ किलो आणि उंची १५० सेंटिमीटर होती. गुडघ्यातले पाणी दोनदा काढले गेले होते आणि वर्षभरात स्टेरॉइडची चार इंजेक्शने झाली होती. प्रत्येक इंजेक्शननंतर तीन-चार आठवडे बरे वाटून दुखणे पुन्हा तितकेच येत होते. एका ठिकाणी “वंगण संपले आहे” असे सांगून जेलचे इंजेक्शन सुचवले होते, तर दुसऱ्या ठिकाणी सरळ “वाटी बदलावी लागेल” असे सांगितले होते. इंजेक्शनांविषयी येथेच नोंदवतो ती गोष्ट अशी की, गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या, म्हणजे सांध्याच्या झिजेच्या, १४० रुग्णांना दर १२ आठवड्यांनी, दोन वर्षे ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड किंवा नुसते सलाइन देऊन केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्टेरॉइडच्या गटात कूर्चेची, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाची, झीज अधिक झाली आणि वेदनेत मात्र दोन गटांत लक्षणीय फरक पडला नाही. एखादे इंजेक्शन वाईट, असा याचा अर्थ नाही. पण कारण न शोधता तेच ते देत राहणे निरुपद्रवी नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

पिशवीतले तिन्ही एक्स-रे रुग्णाला झोपवून काढलेले होते, आणि तिन्हींवर फट “बऱ्यापैकी” असल्याचा शेरा होता. एक्स-रेवर कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमधली मोकळी जागा दिसते, आणि त्या जागेवरून आपण कूर्चेच्या जाडीचा अंदाज करतो. झोपलेल्या माणसाच्या गुडघ्यावर शरीराचा भार नसल्यामुळे कूर्चा गेलेली असली तरी हाडे एकमेकांपासून दूर राहू शकतात आणि फट शाबूत भासते. १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी मांडलेली झिजेची शून्य ते चार अशी श्रेणी आजही सर्वत्र वापरली जाते. त्या श्रेणीनुसार या झोपवलेल्या चित्रांतला डावा गुडघा जेमतेम दुसऱ्या पायरीवर होता. उभे करून काढलेल्या एक्स-रेत तो तिसऱ्या पायरीवर निघाला, पण ते दोन महिन्यांनी.

त्या दोन महिन्यांतले पहिले सहा आठवडे मी मांडीच्या स्नायूंच्या व्यायामात घालवले. पाय सरळ उचलणे, घोट्याला एक आणि पुढे दोन किलोची वाळूची पिशवी बांधून तेच करणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे, असा तो नेहमीचा क्रम होता, आणि बाईंनी तो पहाटे गोठ्याची झाडलोट झाल्यावर न चुकता पाळला. सहा आठवड्यांनी मांडीची ताकद उघडपणे वाढली होती. वेदना मात्र दहापैकी सातवर होती ती साडेसहावर आली, आणि तो अर्धा गुणही त्यांनी माझ्या समाधानासाठी दिला असावा. गुडघ्याच्या दुखण्यात व्यायाम हा पहिला आणि सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपचार आहे, यात शंका नाही. तथापि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १०७ रुग्णांना त्यांच्या पायाच्या रेषेनुसार विभागून मांडीचे व्यायाम दिले गेले, तेव्हा सरळ पायांच्या रुग्णांची वेदना कमी झाली आणि फेंगड्या पायांच्या रुग्णांची तशी झाली नाही. त्याआधी २००३ साली तर पायाची रेषा बिघडलेल्या गुडघ्यांत मांडीची जास्त ताकद ही जास्त झिजेशी निगडित असल्याचे एका निरीक्षणात आढळले होते. स्नायू सांध्याला आधार देतात तसे त्याला दाबतातही. दाब चुकीच्या जागी पडत असेल तर अधिक जोराने दाबून काय साधणार? हे सगळे मी वाचलेले होते, पण समोरच्या बाईंना ते लागू करण्याचे सुचले नाही.

सुचले ते त्यांना चालताना पाहून. माझी उपचाराची खोली लहान आहे. चार पावलांत भिंत येते आणि चार पावलांत माणूस कसा चालतो हे कळत नाही. त्या दिवशी वीज गेल्यामुळे आम्ही बाहेरच्या लांब ओसरीत बसलो होतो आणि पाणी पिण्यासाठी उठून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. डावे पाऊल टेकताक्षणी त्यांचा गुडघा बाहेरच्या बाजूला एक झोका घेई आणि पाऊल उचलले की जागेवर येई. यालाच व्हॅरस थ्रस्ट म्हणतात. मोबाइलवर संथ गतीने चित्रण केल्यावर तो झोका त्यांनाही दिसला. उजवा पाय तितकाच वाकडा दिसत असूनही त्या बाजूला झोका नव्हता. स्थिर उभ्या असताना सारखे भासणारे दोन पाय चालताना सारखे नव्हते, आणि “एकलाच कामून” या प्रश्नाला मिळालेला हा पहिला धागा होता.

यानंतर खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, दोन्ही पायांवर उभे करून काढायचा लांब एक्स-रे, ज्याला आमच्याकडे सगळे स्कॅनोग्राम म्हणतात, तो काढायला त्यांना पाठवले. पहिला फुकट गेला, कारण तंत्रज्ञाने पावले जुळवून उभे केले होते आणि गुडघ्याच्या वाट्या बाहेरच्या दिशेला वळलेल्या होत्या. या चित्रात वाट्या सरळ समोर असाव्या लागतात. पाय किंचित फिरला किंवा गुडघा थोडा वाकलेला राहिला तरी कोन बदलतो आणि मग अंशांच्या गप्पा व्यर्थ ठरतात. दुसऱ्या वेळी सोबत चिठ्ठी देऊन तो नीट करून घेतला.

या चित्रावर काय मोजतात ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. खुब्यातल्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली की ती पायाची भाररेषा होते. सरळ पायात ही रेघ गुडघ्याच्या मध्यातून किंवा मध्याच्या थोडी आतून जाते. चालताना एका पायावर उभे असतो तेव्हा शरीराचा गुरुत्वमध्य त्या पायाच्या आतल्या बाजूस असतो, त्यामुळे सरळ पायातसुद्धा गुडघ्यावरच्या भाराचा साधारण ६० ते ७० टक्के वाटा आतल्या कप्प्यावर, म्हणजे सांध्याच्या आतल्या बाजूच्या अर्ध्या भागावर, पडतो. पाय फेंगडा असेल तर भाररेषा आणखी आत सरकते आणि हा वाटा वाढतो. उलट गुडघे आत वळून चालताना एकमेकांना घासत असतील, ज्याला व्हॅल्गस म्हणतात, तर बाहेरचा कप्पा अधिक भार घेतो. २००१ साली अमेरिकेतील लीना शर्मा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आधीच ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेल्या फेंगड्या गुडघ्यांत १८ महिन्यांत आतल्या कप्प्याची झीज वाढण्याची शक्यता सुमारे चौपट, आणि आत वळलेल्या गुडघ्यांत बाहेरच्या कप्प्याची झीज वाढण्याची शक्यता जवळजवळ पाचपट आढळली. पायाची रेषा ही केवळ दिसण्याची बाब नसून कूर्चेच्या आयुष्याशी तिचा संबंध आहे, हे त्या अभ्यासानंतर कोणाला फारसे नाकारता आले नाही.

बाईंच्या उजव्या पायात ही रेषा पाच अंशांनी आणि डाव्या पायात आठ अंशांनी व्हॅरसकडे, म्हणजे फेंगडेपणाकडे, होती. तीन अंशांचा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण खरा उलगडा एकूण अंशांत नव्हता. ते अंश कुठून आले याच्या हिशेबात होता. पायाचा वाकडेपणा मांडीच्या हाडातून, नडगीच्या हाडातून किंवा खुद्द सांध्यातून येऊ शकतो, आणि तिन्ही वेगवेगळे मोजता येतात. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा कोन दोन्हीकडे ८८ अंश, म्हणजे ठीक होता. नडगीच्या वरच्या टोकाचा कोन साधारणपणे ८७ अंशांच्या आसपास असतो, तो दोन्हीकडे ८४ होता. म्हणजे हाडांतला वाकडेपणा, ८८ आणि ८४ यांतला फरक, दोन्ही पायांत अगदी सारखा, चार अंशांचा होता. उरलेला भाग सांध्यातला: वरच्या आणि खालच्या हाडाच्या पृष्ठभागांना समांतर रेघा ओढल्या तर त्या उजवीकडे एका अंशाने मिळत होत्या आणि डावीकडे चार अंशांनी. उजव्याचे पाच म्हणजे हाडाचे चार अधिक सांध्याचा एक. डाव्याचे आठ म्हणजे हाडाचे चार अधिक सांध्याचे चार. बाईंना मी हे कागदावर काढून दाखवले. मायकडून आलेले चार अंश दोन्ही पायांना सारखे मिळाले होते, वरचे तीन अंश डाव्या गुडघ्याने अलीकडे कमावलेले होते.

मायकडून आलेल्या अंशांबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण फेंगडा पाय दिसला की तो रोगच, असे समजण्याची घाई आमच्या क्षेत्रात बरीच होते. बेल्जियममध्ये कोणताही त्रास नसलेल्या २५० तरुण प्रौढांचे पाय मोजले गेले, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार ३२ टक्के पुरुषांचे आणि १७ टक्के स्त्रियांचे पाय मुळातच तीन किंवा अधिक अंशांनी फेंगडे होते. वाकडा पाय घेऊन माणसे ऐंशी वर्षांची होतात आणि गुडघा कधी दुखतही नाही. आमच्या भागात मात्र आणखी एक शक्यता तपासावी लागते. मराठवाड्यात, विशेषतः नांदेड जिल्ह्यातल्या किनवट परिसरात, भूजलातील फ्लोराइडमुळे हाडे विकृत झालेली माणसे आढळतात, आणि लहानपणचा मुडदूसही पाय वाकडे करून जातो. बाईंच्या दातांवर फ्लोराइडचे डाग नव्हते, पाठ ताठलेली नव्हती, एक्स-रेत हाडांची घनता वाढलेली नव्हती आणि गावात असे इतर रुग्णही नव्हते. त्यामुळे ती शक्यता बाजूला ठेवली.

मग डाव्या गुडघ्याने ते तीन अंश कसे कमावले? आता मी जो प्रश्न विचारला तो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता: दुखणे नेमके कोणत्या दिवशी सुरू झाले? “हळूहळू” असे उत्तर येईल अशी माझी अपेक्षा होती. बाईंना दिवस पाठ होता. श्रावणात, नागपंचमीनंतर दोन-तीन दिवसांनी, सोयाबीन खुरपत असताना तणाची पेंडी उचलून बसल्या जागी वळायला गेल्या आणि गुडघ्याच्या मागच्या बाजूला कट्‌ असा आवाज आला. “लाकूड मोडल्यागत,” त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत पाय टेकवेना आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला. तीन दवाखान्यांत हे त्यांना कुणी विचारले नव्हते, म्हणून त्यांनी सांगितलेही नव्हते.

उकिडवे बसून उठताना किंवा वळताना गुडघ्याच्या मागे आलेला आवाज, त्यानंतरची सूज, मध्यमवयीन फेंगड्या पायांची स्त्री: एवढ्यावरून आतल्या मेनिस्कसच्या, म्हणजे दोन हाडांमधल्या अर्धचंद्राकार पट्ट्याच्या, मागच्या मुळाचा विचार मनात यायलाच हवा. एमआरआयमध्ये तेच निघाले. आतल्या मेनिस्कसचे मागचे मूळ हाडापासून सुटलेले होते, मेनिस्कस पाच मिलिमीटर बाहेर सरकलेला होता, मांडीच्या हाडाच्या आतल्या गोलाईवर कूर्चा एका पट्ट्यात पूर्ण खोलीपर्यंत गेलेली होती आणि तिच्या खालच्या हाडाच्या मज्जेत सूज होती. बाहेरचा कप्पा मात्र शाबूत होता.

मेनिस्कसचे काम समजायला बैलगाडीच्या चाकाइतके चांगले उदाहरण मला अजून सापडलेले नाही. चाकावर लोखंडी धाव चढवलेली असते. भार पडला की लाकडी पुठ्ठे बाहेर फाकू पाहतात आणि धाव त्यांना आवळून धरते. मेनिस्कस हा अर्धचंद्राकार पट्टा असून त्याची दोन्ही टोके नडगीच्या हाडात घट्ट रुजलेली असतात. वरून भार आला की तो बाहेर सरकू पाहतो, पण टोके बांधलेली असल्यामुळे तो ताणला जातो आणि त्या ताणात भार पसरून वाटला जातो. गुडघा सरळ असताना त्या कप्प्यावरील भाराचा सुमारे निम्मा, तर काटकोनात वाकलेला असताना सुमारे ८५ टक्के भाग मेनिस्कस पेलतो, आणि वाकलेल्या अवस्थेत मागचे टोक सर्वाधिक दाबाखाली असते. त्यामुळे खुरपणीची बैठक मागच्या मुळासाठी सर्वांत कठीण. एक टोक सुटले की धाव एका जागी तुटल्यासारखे होते: पट्टा दिसायला अख्खा असतो, पण आवळत नाही. २००८ साली मृतदेहांच्या गुडघ्यांवर केलेल्या प्रयोगात हे मूळ तोडल्यावर कूर्चेवरचा सर्वोच्च दाब जवळजवळ पूर्ण मेनिस्कस काढून टाकल्याइतका वाढला होता.

म्हणजे उजव्या गुडघ्यात वाकडी रेषा होती पण धाव शाबूत होती, आणि त्या जोडीवर त्या गुडघ्याने पन्नास वर्षे काढली. डाव्यात रेषा तीच आणि धाव सुटलेली, त्यामुळे आतल्या कप्प्यातल्या कूर्चेच्या एका अरुंद पट्ट्यावर सगळा दाब एकवटला. कूर्चा झिजली तशी आतली फट कमी झाली. फट कमी झाली तसा पाय आणखी फेंगडा झाला. पाय आणखी फेंगडा झाला तशी भाररेषा आणखी आत गेली. साधारणपणे एका मिलिमीटर झिजेमागे एक अंश वाकडेपणा वाढतो असा ढोबळ हिशेब करतात, आणि बाईंच्या तीन अंशांशी तो बरा जुळत होता. रेषेमुळे झीज होते की झिजेमुळे रेषा बिघडते, हा वाद पुस्तकांत पुष्कळ चालतो. या बाईंच्या बाबतीत चार अंश आधीचे आणि तीन नंतरचे, असे दोन्ही सुटे करून दाखवता आले, आणि हे प्रकरण लिहावेसे वाटले ते त्यामुळेच.

“गादी” आणि “वंगण” हे शब्द मी स्वतः रोज वापरतो, रुग्णाला ते पटकन कळतात. पण त्यांनी होणारा घोटाळाही मोठा आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. तिच्या वजनाचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग पाण्याचा असतो. कोलॅजेनच्या जाळीत अडकलेले मोठे रेणू ते पाणी धरून ठेवतात, आणि मोजक्या पेशी ही सगळी रचना सांभाळतात. भार पडला की पाणी पिळून निघते, भार उठला की पोषक द्रव आत शिरतो. म्हणून माफक, फिरता भार हा कूर्चेचा घास आहे आणि पूर्ण विश्रांती ही तिची उपासमार. बेअरिंगला ग्रीस लावल्यासारखे बाहेरून जेल घालून ही रचना परत उभी राहत नाही. ग्लुकोसामाइनविषयी २००६ साली अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत एकूण रुग्णांत ते नकली गोळीपेक्षा सरस ठरले नव्हते. बाईंचा उरलेला अर्धा डबा मी संपवायला सांगितले नाही. आणि कूर्चेला संवेदनाच नसल्यामुळे दुखत होते ते तिच्याखालचे हाड आणि सांध्याचे अस्तर. एमआरआयमधली मज्जेची सूज फेंगड्या पायांत आतल्या कप्प्यात आढळते, हेही २००३ पासून माहीत आहे.

मूळ सुटल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत, कूर्चा चांगली असताना, ते टाके घालून परत बसवता येते. चौदा महिन्यांनी, कूर्चा गेलेली आणि पाय आठ अंश वाकडा असताना, ते करून टिकले नसते. दुर्बिणीने सांधा “साफ” करून घेण्याचा सल्ला त्यांना एका नातेवाइकाने दिला होता. २००२ साली १८० रुग्णांवरील चाचणीत अशी सफाई नकली शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नव्हती, एवढे सांगून तो विषय मिटवला. चपलेत बाहेरच्या बाजूने उंच केलेली पाचर घालण्याची युक्ती कागदावर फार सुंदर दिसते, पण २०१३ सालच्या एकत्रित विश्लेषणात सपाट पाचरीच्या तुलनेत वेदनेत फरक आढळला नाही. भार बाहेर ढकलणारा ब्रेस काही रुग्णांना खरोखर उपयोगी पडतो. बाईंनी तो एप्रिल-मेच्या उन्हात तीन आठवडे घातला, वेदना थोडी कमी झाली, मांडीला घामोळ्या आल्या आणि तो खुंटीला लागला. तरी त्या तीन आठवड्यांचा एक उपयोग झाला: भार सरकवला तर दुखणे हलते, हे कळले.

वाटी बदलणे, म्हणजे पूर्ण सांधेरोपण, हा चांगला उपाय आहे, पण ५२ व्या वर्षी, बाहेरचा कप्पा आणि वाटीमागचा सांधा चांगला असताना, शेतात पुढची पंधरा वर्षे काम करायचे असताना तो पहिला नसावा, असे शल्यविशारदांचेही मत पडले. अर्ध्या सांध्याचे रोपण शक्य होते, पण वाकडेपणाचा निम्मा भाग नडगीच्या हाडात होता आणि सांध्यातले रोपण हाड सरळ करत नाही. हाडातला दोष हाडात दुरुस्त करायचा, तर नडगीचे हाड गुडघ्याखाली आतल्या बाजूने कापून, पाचरीसारखे उघडून, पट्टी व स्क्रूने धरायचे. हाय टिबियल ऑस्टिओटॉमी ही शस्त्रक्रिया अर्ध्या शतकाहून जुनी आहे. सांधेरोपणाच्या लाटेत ती मागे पडली होती.

शस्त्रक्रियेआधी पाच महिने आम्ही दोन गोष्टींवर घालवले. वजन ६८ वरून ६३ वर आले. त्यात ज्वारीची भाकरी कमी करायची गरज पडली नाही. दिवसातून सहा वेळचा साखरेचा चहा आणि दुपारचे फरसाण यांनीच काम भागले. एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे २००५ साली मेसियर यांच्या गटाने मोजून दाखवले आहे. दुसरी गोष्ट मिश्रीची होती. बाई दिवसातून तीनदा मिश्री लावत, आणि निकोटिन हाड जुळण्यात अडथळा आणते. कापलेले हाड जुळणे हाच जिचा पाया, ती शस्त्रक्रिया मिश्री सुटल्याशिवाय करणार नाही, असे शल्यविशारदांनी स्पष्ट सांगितले. वजनापेक्षा हे कठीण गेले.

रेषा कुठे न्यायची, यावर चर्चा झाली. जपानमधील फुजिसावा यांनी १९७९ साली नडगीच्या पृष्ठभागाच्या रुंदीच्या आतल्या कडेपासून सुमारे ६२ टक्क्यांवर भाररेषा नेण्याचे सुचवले होते. आता पुष्कळ जण त्याहून थोडे अलीकडे थांबतात. येथे ५७ टक्के ठरले. सांध्यातल्या चार अंशांपैकी काही भाग रेषा बदलताच आपोआप मिटणार होता, म्हणून तो हाडात पुन्हा दुरुस्त करायचा नव्हता. तसे केले असते तर पाय उलट बाजूला वळून बाहेरचा निरोगी कप्पा भाराखाली गेला असता. आठ ते साडेआठ अंशांची दुरुस्ती पुरेशी मानली गेली.

पहिले सहा आठवडे वॉकर घेऊन अर्धवट भार, मग पूर्ण भार, आणि पाचव्या महिन्यात एक्स-रेवर हाड भरलेले, असा पुढचा प्रवास सरळ झाला. डावा पाय दीड अंश व्हॅल्गसमध्ये स्थिरावला. झोका थांबला. मी ज्याची पूर्वकल्पना दिली नव्हती अशी तक्रार मात्र आली: एक पाय सरळ आणि एक वाकडा झाल्यामुळे डावा लांब वाटू लागला आणि गावातल्या बायका हसू लागल्या. उजव्या चपलेत पाच मिलिमीटरचा तळ घातल्यावर लांबीची जाणीव गेली, हसणे काही काळाने आपसूक थांबले. आता मांडीचे तेच व्यायाम पुन्हा सुरू केले आणि या वेळी त्यांचा गुण आला. वर्षभरानंतर वेदना दहापैकी दोनवर होती आणि त्या घरापासून शेतापर्यंतचे दोन किलोमीटर न थांबता चालत होत्या. पूर्ण उकिडवे बसणे मी बंद करवले. खुरपणीऐवजी उभ्याने चालवायचे सायकल कोळपे त्यांच्या मुलाने आणले आणि ओळीतले उरलेले तण काढायला त्या बुटका पाट घेऊन बसतात.

आतली फट उभ्या एक्स-रेत दीड मिलिमीटर होती ती आता अडीच दिसते. कूर्चा परत उगवली, असे मी त्यावरून म्हणणार नाही. भार सरकल्यामुळे हाडे दूर झाली असतील. अशा शस्त्रक्रियेनंतर उघड्या हाडावर तंतुमय थर येतो असे दुर्बिणीतून दिसलेले आहे, पण तो मूळच्या कूर्चेच्या तोडीचा नसतो.

राहिला उजवा गुडघा. त्यात वेदना नाही, झोका नाही, मेनिस्कस जागेवर आहे. केवळ पाच अंश वाकडा आहे म्हणून त्याला कापायचे कारण नाही, यावर आम्हा सर्वांचे एकमत आहे. वर्षातून एकदा उभ्याने एक्स-रे काढायचा आणि मागच्या बाजूला काही खटकले तर वाट पाहायची नाही, असे ठरले आहे. “उजव्यात कट्‌ झालं की त्याच दिशी गाडीत बसते,” असे त्यांनी स्वतःहून सांगितले. गेल्या तपासणीत उजव्या सांध्यातला कोन एक अंशाऐवजी दीड अंश आला. मोजणीच्या चुकीत सहज बसणारा हा अर्धा अंश आहे, की डावीकडे जे झाले त्याची ही सुरुवात आहे, ते पुढच्या श्रावणातला स्कॅनोग्राम पाहिल्यावर कळेल.